हातातला उतारा आणि दप्तरातला फेरफार

दौंड तालुक्यात, मुळा-मुठा आणि भीमा या दोन नद्यांच्या बेचक्यात सापडलेला उसाचा जो मुलूख राहू बेट या नावाने ओळखला जातो, त्यात हंगामाच्या दिवसांत रात्री-अपरात्री कोणत्याही वाटेने निघाले, तरी गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा उजेड किंवा कढत्या रसाचा वास यांपैकी एकाची तरी गाठ पडल्यावाचून राहत नाही. त्या उजेडात काहिलीच्या कडेला उभा असलेला गुळव्या हा, माझ्या मते, आपल्या भागातला अव्वल नैयायिक होय. पाक उतरवण्याजोगा झाला की नाही हे काहिलीत हात बुडवून त्याला पाहता येत नाही. आधण लवकर उतरले तर ढेप बसत नाही, उशीर झाला तर गूळ करपतो. सबब तो थेंबभर पाक गार पाण्यात सोडतो, तळाशी गेलेली गोळी दोन बोटांत चाचपतो आणि तेवढ्या खुणेवरून अख्ख्या काहिलीविषयी निकाल देतो. डोंगरावरचा धूर पाहून तेथे अग्नी असल्याचे सांगणारा तर्कशास्त्रातला तो चिरपरिचित पुरुष याहून वेगळे काही करीत नव्हता. यालाच अनुमान म्हणतात, आणि संगणकाच्या पदरी असलेल्या एका तपासनीसालाही दिवसभर हेच करावे लागते. ते त्याला कोठे साधते, कोठे फसते आणि फसते तेव्हा दोष कोणाकडे जातो, हा या प्रकरणाचा विषय आहे.

राहूतल्या एखाद्या गुऱ्हाळमालकाच्या मुलाने, संगणकाचे शिक्षण घेऊन घरी आल्यावर, घरचा हिशेब वहीतून काढून वेबवर आणायचे मनावर घेतले आहे असे समजू. आलेल्या गाडीचे वजन, ऊस कोणत्या खातेदाराचा, ढेपा किती निघाल्या, एवढाच मजकूर. पहिली गाडी १२ टनांची, दुसरी ८ टनांची; पण काट्याच्या यंत्राने हे आकडे संख्या म्हणून न पाठवता अक्षरे म्हणून पाठवले, तर जावास्क्रिप्ट ही भाषा त्यांची बेरीज करण्याऐवजी त्यांना शेजारी-शेजारी बसवते आणि निर्विकारपणे १२८ टन ऊस जमा दाखवते. भाषेच्या लेखी यात गैर काही घडलेले नाही: अधिकाचे चिन्ह संख्यांना मिळवते व अक्षरांना चिकटवते, आणि समोर आलेली वस्तू कोणत्या जातीची आहे हे विचारण्याची तिला सवय नाही. १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला अवतार दहा दिवसांत उभा केला. इतक्या घाईत झालेल्या बाळंतपणानंतर लेकरू धडधाकट निघाले हेच नवल मानायचे, त्याच्या खोडी काढीत बसायचे नाही.

या भाषेवर देखरेख करण्यासाठी मायक्रोसॉफ्ट कंपनीने १ ऑक्टोबर २०१२ रोजी टाइपस्क्रिप्ट जाहीर केली. टर्बो पास्कल आणि सी शार्प या भाषांमागे ज्यांचा हात होता ते अँडर्स हेल्सबर्ग हेच तिचेही प्रमुख शिल्पकार. टाइपस्क्रिप्टमध्ये प्रत्येक वस्तूला एक प्रकार असतो: संख्या, मजकूर, खातेदार, पावती. प्रोग्राम चालण्यापूर्वी तपासनीस सगळा मजकूर वाचून प्रकारांचा मेळ बसतो की नाही ते पाहतो, न बसल्यास तक्रार नोंदवतो, आणि मग प्रकारांचे सारे शेरे पुसून निव्वळ जावास्क्रिप्ट पुढे धाडतो. प्रोग्राम प्रत्यक्ष धावत असताना त्या शेऱ्यांचा मागमूसही उरत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ अन्वये अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. टाइपस्क्रिप्टमधल्या प्रकाराची योग्यताही नेमकी तेवढीच आहे. शेतात काय उभे आहे हे शेतच जाणे. उतारा फक्त गृहीतक सांगतो.

आता प्रत्येक वस्तूचा प्रकार माणसाने हाताने लिहायचा म्हटले तर तो लेखन-खर्चच असह्य होईल, म्हणून तपासनीसाने जमेल तेथे स्वतः ओळखावे अशी सोय असते, तिला प्रकारानुमान म्हणू. हे शास्त्र टाइपस्क्रिप्टपेक्षा बरेच जुने आहे. रॉजर हिंडली यांनी १९६९ मध्ये, आणि एडिंबरो येथे एमएल भाषेवर काम करीत असता रॉबिन मिल्नर यांनी १९७८ मध्ये, अशी पद्धत मांडली की प्रोग्रामात प्रकाराचा एकही शेरा नसला तरी प्रत्येक वस्तूचा सर्वात व्यापक प्रकार निश्चितपणे काढता यावा. तिच्या पूर्णत्वाची सिद्धता लुई दामास व मिल्नर यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्याकडेही या विषयात मोलाचे काम झाले आहे. राहूच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात तळेगाव ढमढेरे आहे; त्याच आडनावाचे धनंजय ढमढेरे हे मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक होते, आणि त्यांनी उदय खेडकर व केंब्रिजचे अ‍ॅलन मायक्रॉफ्ट यांच्यासमवेत २००३ साली एक निबंध प्रसिद्ध केला, ज्याचा विषयच मुळी प्रकारानुमानासाठी दुहेरी दिशांनी करायचे प्रवाहविश्लेषण हा होता. वस्तू कशी जन्मली यावरून पुढे काय होईल ते कळते, तसेच पुढे तिचा वापर कसा झाला यावरून ती मुळात काय असावी हेही कळते; माहिती नदीसारखी केवळ उताराकडेच वाहत नाही, ती उलटीही चढते, हे त्यातले मर्म.

टाइपस्क्रिप्टच्या तपासनीसाने मात्र या बाबतीत बराच हात आखडता घेतला आहे, आणि पुढच्या साऱ्या तक्रारींचे मूळ या काटकसरीत आहे. संदर्भावरून काही ठिकाणी तो मागे वळून पाहतो, हे खरे. एखादे कार्य, म्हणजे फंक्शन, दुसऱ्याच्या हाती देताना त्या दुसऱ्याची अपेक्षा काय होती यावरून तो प्रकार ठरवतो. पण स्वतंत्रपणे लिहिलेल्या कार्याला मिळणारी वस्तू कोणत्या प्रकारची, हे त्या कार्याच्या पोटातील वापर पाहून तो ओळखत नाही; मिल्नर यांची एमएल जे सहज करते ते येथे माणसाने लिहून द्यावे लागते. आणि याहून महत्त्वाची गोष्ट अशी की एखाद्या नावाला घोषणेच्या वेळी जो प्रकार चिकटला, तो मागाहून त्या नावाखालच्या वस्तूत कितीही भर पडली तरी तसाच राहतो.

येथे प्लगइनचा प्रवेश होतो. वेब-फ्रेमवर्क ही तयार चौकट असते: विनंती घ्यावी, तिला योग्य मार्गावर लावावे, उत्तर द्यावे, एवढी कामे ती करते, आणि उरलेली प्रत्येक सोय बाहेरून आणून जोडायची असते; अशी जोडलेली सोय म्हणजे प्लगइन. आपल्या मुलाने काट्याशी बोलणारे एक प्लगइन जोडले, त्याने चौकटीला ‘वजन’ नावाचे कार्य बहाल केले. दुसरे जोडले, त्याने प्रत्येक विनंतीवर ‘खातेदार’ लिहून ठेवला. प्रोग्राम चालवला तर दोन्ही गोष्टी जागच्या जागी हजर. तपासनीस मात्र ओरडतो की या चौकटीवर ‘वजन’ नावाची चीज अस्तित्वातच नाही. मुलगा चक्रावतो, आणि डोळ्यांसमोर धडधडीत असलेली वस्तू नाकारणाऱ्या या कारकुनाविषयी चार शब्द तोंडातल्या तोंडात बोलतो.

कारकून खोटे बोलत नसतो. तलाठी कार्यालयातून सकाळी सातबाराचा उतारा काढला, दुपारी मंडळ अधिकाऱ्याने खरेदीचा फेरफार प्रमाणित केला, गाव नमुना सहामधली नोंद सातबाऱ्यावर उतरली, आणि संध्याकाळी आपण सकाळचाच उतारा घेऊन सोसायटीच्या दारात उभे राहिलो, तर कर्ज कोणाच्या नावे मिळणार? जमीन तीच, गट तोच, दप्तर मात्र बदललेले. बदलला नाही तो आपल्या हातातला कागद. मुलाने पहिल्या ओळीत चौकट उभी करून तिला नाव दिले तो सकाळचा उतारा. दुसऱ्या ओळीत त्याने प्लगइन जोडले तेव्हा जोडणाऱ्या कार्याने नवा उतारा, म्हणजे वाढीव प्रकार असलेले तेच चौकटीचे मूल्य, परत दिले होते. पण ते त्याने कोठे ठेवूनच घेतले नाही. तिसऱ्या ओळीत तो जुने नाव घेऊन ‘वजन’ मागतो, आणि तपासनीस जुन्या कागदावर बोट ठेवतो.

यातून दोन संप्रदाय निघाले आहेत. पहिला संप्रदाय जुना व प्रतिष्ठित. टी. जे. होलोवेचुक यांनी २०१० मध्ये आणलेल्या एक्स्प्रेसमध्ये प्लगइनसारखे जे मधले टप्पे असतात, ते विनंतीवर मनास येईल ते लिहितात. टाइपस्क्रिप्ट तेव्हा जन्मलीही नव्हती, म्हणून प्रकारांचा विचार तेथे नंतर आला. मत्तेओ कोल्लिना व तोमास देल्ला वेदोवा या इटालियन विकसकांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या फास्टिफायची बांधणी याहून पुष्कळ शिस्तीची, तरी प्रकारांबाबत तिनेही मुख्यतः हाच मार्ग पत्करला. मार्ग असा: प्लगइनच्या लेखकाने वेगळी घोषणा करायची की, ‘फास्टिफायच्या चौकटीवर वजन नावाचे कार्य आहे असे समजावे’, आणि टाइपस्क्रिप्टने ती घोषणा मूळ घोषणेत विलीन करून घ्यायची. न्यायदर्शनात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द ही चार प्रमाणे सांगितली आहेत. त्या हिशेबाने येथे अनुमान संपून शब्दप्रमाण सुरू झाले. आप्तवाक्य म्हणून तपासनीस ते बेलाशक स्वीकारतो. आप्त खरा निघाला तर उत्तम.

पण येथेच एक मासलेवाईक विसंगती निर्माण होते, आणि ती जवळून पाहण्याजोगी आहे. फास्टिफायमध्ये प्लगइन दाखल केले की त्याच्यासाठी एक नवी हद्द आखली जाते. बापाचे लेकराला दिसते, लेकराचे बापाला दिसत नाही, आणि भावाचे भावाला तर नाहीच नाही. आपल्या मुलाने ‘हिशेब’ या भागात काट्याचे प्लगइन दाखल केले तर ‘पावती’ या शेजारच्या भागात ‘वजन’ उपलब्ध नसते; ते सर्वांना मिळावे असे वाटत असेल तर प्लगइनवर ‘फास्टिफाय-प्लगइन’ नावाचे वेष्टन घालून हद्द मोडावी लागते आणि ते मूळ चौकटीवरच दाखल करावे लागते. हा सगळा कारभार प्रोग्राम धावताना चालतो. घोषणेला या हद्दींची गंधवार्ताही नसते: ती एकदा केली की साऱ्या प्रोग्रामला, बापाला, लेकरांना, भाऊबंदांना, सरसकट लागू होते. परिणामी ‘पावती’ भागात ‘वजन’ वापरले तर तपासनीस मान डोलावतो आणि गाडी काट्यावर आल्यावर प्रोग्राम कोसळतो. सुरुवातीच्या तक्रारीत वस्तू होती आणि कागदावर नव्हती. येथे कागदावर आहे आणि वस्तू नाही. दोन्हींत दुसरी अवस्था अधिक घातकी, कारण पहिलीत माणूस निदान चिडतो, दुसरीत तो निर्धास्त झोपतो.

आणखी एक किरकोळ पण छळवादी प्रकार येथेच सांगून टाकतो. प्लगइनने स्वतःसोबत फ्रेमवर्कची निराळी आवृत्ती आणली, तर एकाच नावाच्या दोन चौकटी घरात नांदू लागतात; घोषणा एकीला लागते, आपण वापरतो दुसरी, आणि खासगी घटक असलेले दोन वर्ग अक्षरशः सारखे असूनही टाइपस्क्रिप्ट त्यांना परके मानते. तासन्‌तास डोके खाजवल्यावर उपाय निघतो तो आवृत्त्या एक करण्याचा.

दुसरा संप्रदाय अनुमानाला सोडायला तयार नाही. एलिझिया ही फ्रेमवर्क या पंथातली कट्टर. तिचा दंडक असा की चौकट उभी केल्यापासून प्रत्येक प्लगइन, प्रत्येक मार्ग मागच्याच्या शेपटीला जोडून, एका अखंड साखळीत लिहावा. याचे कारण आता उघड व्हावे: साखळीतला प्रत्येक दुवा मागच्या दुव्याने परत दिलेला ताजा उतारा हातात घेऊनच पुढे बोलतो, जुना कागद कोणाच्या हाती राहतच नाही. शिवाय प्लगइनमधली एखादी गोष्ट त्याच्या हद्दीपुरती, एक पायरी वरपर्यंत, की सर्वत्र लागू आहे, हे या फ्रेमवर्कमध्ये प्रकारातही उमटते. म्हणजे फास्टिफायमध्ये कागद आणि शेत यांत जी फारकत झाली होती ती येथे पुष्कळशी मिटते.

साखळी मात्र जड असते. प्रोग्राम वाढला की तो निरनिराळ्या फायलींत वाटावा लागतो, आणि मुलगा साहजिकच असे करतो की पावतीचे मार्ग एका वेगळ्या कार्यात घालून त्याला चौकट आणून देतो. त्या कार्याला मिळणारी वस्तू कोणती, हे तपासनीस आपण होऊन ओळखत नसल्यामुळे तिचा प्रकार लिहावा लागतो. मुलगा तेथे नुसते ‘एलिझिया’ असे लिहितो, आणि त्याबरोबर साखळीत जमलेले ‘वजन’ व ‘खातेदार’ दोन्ही अंतर्धान पावतात. नुसती ‘एलिझिया’ म्हणजे कोरा उतारा, ज्यावर एकही फेरफार चढलेला नाही. यावरचा उपाय प्रथमदर्शनी उधळपट्टीचा वाटतो: ज्या फाइलीला ‘वजन’ हवे तिने स्वतःची छोटी साखळी सुरू करून काट्याचे प्लगइन पुन्हा जोडावे. मग ते दहा वेळा चालणार नाही काय? प्लगइनला नाव दिलेले असेल तर चालत नाही. त्या नावाचे प्लगइन आधी जोडले गेले असल्यास फ्रेमवर्क ते दुसऱ्यांदा चालवीत नाही, फक्त प्रकार तेवढा पुन्हा सांगितला जातो. मला ही तोड पसंत आहे. आपल्याला काय लागते ते प्रत्येक फाइलीने आपल्या तोंडाने सांगावे, गावभर केलेल्या दवंडीवर विसंबू नये, हे दप्तर चालवण्याचे जुने शहाणपण आहे.

मात्र या पंथालाही दंड भरावा लागतो, आणि तो तपासनीसाच्या श्रमांतून वसूल होतो. साखळीच्या शेवटच्या दुव्याच्या प्रकारात आधीच्या सर्व दुव्यांचा इतिहास साठलेला असतो. तो उलगडताना टाइपस्क्रिप्ट एका मर्यादेपलीकडे जात नाही, शंभर पायऱ्यांची खोली किंवा पन्नास लाख उलगडण्या झाल्या की ‘प्रकार अतिशय खोल आणि कदाचित अनंत आहे’ असे म्हणून ती काम खाली ठेवते. संपादकात अक्षर टंकल्यावर सूचना यायला विलंब लागू लागला की ही सीमा जवळ आल्याचे ओळखावे. मार्च २०२५ मध्ये हेल्सबर्ग यांनी तपासनीस गो भाषेत नव्याने उतरवीत असल्याचे व तो सुमारे दहा पट वेगवान होणार असल्याचे जाहीर केले. त्याने वाट पाहणे कमी होईल, अनुमानाचे नियम मात्र त्यामुळे बदलत नाहीत.

जोडल्यावर जुन्या नावाचाच प्रकार बदलावा, अशी सोय भाषेत नाही काय, असे कोणी विचारील. आहे, नोव्हेंबर २०१९ मधल्या ३.७ आवृत्तीपासून अशी ग्वाही देणारी कार्ये लिहिता येतात. परंतु त्यांची अट अशी की ज्या नावावरून ते कार्य बोलवायचे त्याचा प्रकार माणसाने आधी स्पष्ट लिहिलेला असावा. म्हणजे अनुमानाची सुटका करायला आलेला हा जामीन प्रथम अनुमानच सोडून यायला सांगतो. प्लगइनच्या दुनियेत तो फारसा रुळला नाही यात आश्चर्य नाही.

माझा कौल साखळीच्या बाजूने आहे, पण त्याहून अधिक एका तिसऱ्याच गोष्टीच्या बाजूने आहे, आणि ती दोन्ही पंथांत आढळते. काट्याच्या प्लगइनचा लेखक ‘वजन ही संख्या आहे’ असे लिहून मोकळा होतो. उतारा स्वच्छ, साखळी अखंड, तपासनीस प्रसन्न, आणि तारेवरून मात्र अक्षरेच येत राहतात. या ठिकाणी शब्दही कामाचा नाही आणि अनुमानही. येथे प्रत्यक्षच हवे. म्हणून बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मजकुराचा आराखडा एकदा लिहून ठेवण्याची रीत आली: एलिझियात तो मुळापासून आहे, आणि फास्टिफायमध्ये २०२२ च्या चौथ्या आवृत्तीपासून आराखड्यावरून प्रकार काढून देणारे ‘प्रकारदाते’ जोडता येतात, जरी तेही प्रत्येक हद्दीत नव्याने सांगावे लागतात. या एकाच दस्तऐवजावरून तपासनीस प्रकाराचे अनुमान करतो आणि धावता प्रोग्राम आलेला मजकूर प्रत्यक्ष तपासतो.

मुलाने काट्याकडून येणाऱ्या मजकुरासाठी असा आराखडा लिहिला आणि वजनापुढे ‘संख्या’ असे नोंदवले. फास्टिफायची मूळ तपासणी अशा वेळी अक्षरी १२ आले तर त्याची संख्या करून घेते, आणि ‘बारा’ असे अक्षरात आले तर दारातूनच परत लावते. त्या रात्री दोन गाड्या काट्यावर चढल्या, एक १२ टनांची, एक ८ टनांची. पावतीवर २० टन उमटले.